शिक्क्याची कड

कड गुळगुळीत होती. अंगठा एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला, कुठेही बोचत नव्हतं. पाच कोपेकच्या नाण्याएवढा पितळेचा तुकडा, मागे बारीक कडी, पुढे उलटे कोरलेले दोन आकडे. मेणात दाबले की सरळ उमटणारे. सत्तेचाळीस. इस्त्री तापली होती, ओल्या फडक्याचा वास खोलीभर पसरला होता, आणि मात्वेयच्या काळ्या कोटाच्या अस्तरातून निघालेला तो तुकडा तळहातावर घेऊन तास्या खिडकीपाशी उभी होती. कोटाच्या खिशाला आतून भोक होतं. शिवायचं शिवायचं म्हणत राहून गेलेलं, लेकीच्या, लारिसाच्या लग्नाच्या गडबडीत.

लारिसाचं लग्न पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात झालं. त्याच वर्षी मेमध्ये दारूविरुद्धचा हुकूम निघाला, आणि कारखान्याच्या समितीनं स्वच्छ बजावलं की लग्नाला क्लबचा हॉल हवा असेल तर लग्न कोरडं झालं पाहिजे. तेव्हा लग्न कोरडंच झालं. टेबलांवर उकळत्या पाण्याचे समोवार, नवरानवरीपुढे लिंबाचं सरबत, आणि पाहुण्यांपुढे चहाच्या किटल्या... किटल्यांतला चहा पिऊन समितीचे अध्यक्षसुद्धा शेवटी गुडघे मुडपून नाचले. तो चहा तास्यानं स्वतः केला होता. एका माप स्पिरिटाला दीड माप पाणी, रंगाला कडक चहाचा अर्क, थोडी जाळलेली साखर. मात्वेयनं ते स्पिरिट एका जुन्या दुधाच्या कॅनमधून आणलं होतं, वीस लिटर. कुठून आणलंस, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "चांगल्या माणसांनी दिलं." मात्वेय एवढंच बोलायचा. चोवीस वर्षांच्या संसारात त्याची वाक्यं कोणी मांडून ठेवली असती तर एका फळीवर बसली असती.

चांगली माणसं म्हणजे कोण हे तास्यानं तेव्हाच ओळखलं होतं. ओळखलं होतं म्हणजे... तिला तसं वाटलं होतं. साऱ्या घड्याळ-कारखान्यात स्पिरिट एकाच कोठारात, आणि त्या कोठाराची किल्ली एकाच बाईकडे. एल्विरा पाव्लोव्हना. नावसुद्धा कसं, दागिना घातल्यासारखं. पंचेचाळिशी उलटली तरी हिवाळ्यात लोकरी टोपी तिरकी घालणारी, सगळ्यांना हसून बोलणारी. कोणाला पाव बाटली, कोणाला अर्धी. पाठ धरली म्हणून, नळवाल्याला द्यायचं म्हणून, बाळाला ताप म्हणून. हिशेबाचं स्पिरिट थोडं उडतंच, असं म्हणून ती द्यायची. कारखान्यातून कोण काय नेत नव्हतं? काटे, काचा, चामड्याचे पट्टे... पण ते म्हणजे 'नेणं' होतं. आख्खा कॅन नेणं ही चोरी.

तास्या कारखान्याच्या देवडीवर पहाऱ्याला. अकरा वर्षं. रोज संध्याकाळी कोठारवाले कुलूप लावत, दारावर दोरा ओढत, दोऱ्याची टोकं लाकडाच्या छोट्या वाटीतल्या मेणात दाबत, आणि त्यावर आपापला शिक्का उठवत. किल्ली देवडीवर. सकाळी तास्यानं जाऊन मेण बघायचं, वहीत 'शाबूत' लिहायचं, सही करायची, मग दोरा तुटायचा. हे सगळे शिक्के कोरले ते मात्वेयनं. कारखान्यात कोरीवकाम करणारा तोच एक. एकोणपन्नास शिक्के, आणि अठ्ठेचाळिसांच्या कडा यंत्रातून निघतात तशा धारदार. लोक ते किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचे. एल्विरा मात्र साखळीत घालून गळ्यात घालायची, आणि तिचा एकटीचा... तो तिनं एकदा देवडीवर तास्याच्या हातात दिला होता, बटण लावून घेता घेता. "धर गं जरा." ऊब होती त्याला. आणि कड घासलेली होती, बारीक कानशीनं, वरून पॉलिश करून, बाळाच्या वाळ्याची घासतात तशी.

"हे कोणी केलं?"

"तुझ्याच नवऱ्यानं गं. टोचतोय म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी करून दिलं. सोन्याचा माणूस आहे तुझा, तास्या, पण बोलायचे पैसे पडतात वाटतं त्याला?"

त्यानंतर दहा वर्षं गेली. दुसरं काही दिसलं नाही... म्हणजे पुरावा म्हणावा असं काही नाही. पण दर सकाळी त्या दाराशी जाऊन सत्तेचाळीस नंबरचं मेण बघताना तास्याच्या पोटात बारीक कानस फिरायची. ते मेण ती सगळ्यांत जास्त वेळ बघायची. सत्तेचाळीसातल्या चाराच्या पायाला एक टवका होता. एकोणऐंशी साली एल्विरानं शिक्का लोखंडी पायरीवर पाडला तेव्हाचा. तो टवका तास्याला स्वतःच्या दातासारखा पाठ होता. एल्विरा स्वतः कधी मेणाकडे बघायचीही नाही, बोलता बोलता दोरा तोडायची. "झालं ना, तास्या? माझी नाही बाबा त्या मेणाकडे बघायची ताकद सकाळी सकाळी."

इस्त्री. तास्यानं इस्त्री उचलून बाजूला ठेवली. फडकं पिवळं पडलं होतं.

चार वाजता क्लबात खटला होता. न्यायालय कारखान्यातच यायचं होतं, सगळ्यांनी बघावं, धडा घ्यावा म्हणून. डिसेंबरात जोडणी विभागातल्या बायकांनी घड्याळांची चाकं स्पिरिटात धुतली आणि दुसऱ्या दिवशी चाकांवर गंजाचे ठिपके उठले. कॅन उघडून बघितला तर आत पाणी. मेण रोज शाबूत, वहीत रोज तास्याची सही, शिक्का फक्त एल्विराकडे. मग दुसरं कोण? त्या दिवसापासून एल्विरा कोठडीत होती, आणि आज तास्या साक्षीदार होती.

कणीक भिजवून ठेवलेली होती, रात्रीच्या खिमा भरलेल्या पेल्मेनींसाठी. तास्यानं तिचा एक गोळा तोडला, तळहातानं चपटा केला आणि शिक्का त्यावर दाबला. उचलला. सत्तेचाळीस. चाराचा पाय सरळ, स्वच्छ, टोकापर्यंत.

टवका नव्हता.

तर हा एल्विराचा शिक्का नव्हे. तिचा पोलिसांनी जप्त केलेला, आज टेबलावर असेल. हा दुसरा. आणि असा स्वच्छ पाय तास्यानं याआधी एकदा बघितला होता. एकदाच. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी. रात्रपाळी संपत आली होती, हात गारठले होते. मेणाकडे बघितलं आणि चाराचा पाय अखंड दिसला. दिसला, नाही असं नाही! पहाऱ्यावरच्या बाईनं तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, थांब, दोऱ्याला हात लावू नकोस, वरिष्ठांना बोलाव. तेवढ्यासाठीच तर तिला तिथे ठेवलेलं. पण त्या क्षणी तिच्या मनात चोर आलाच नाही. मनात आलं ते एवढंच — म्हणजे यानं हिला नवीन करून दिला तर. जुना झाला, टवका उडाला, जीव कासावीस झाला असेल याचा. आता विचारावं तर ही बाई हसून म्हणणार, हो गं, सोन्याचा माणूस आहे तुझा... आणि ते ऐकायचं नव्हतं. मरण आलं तरी ऐकायचं नव्हतं. तास्यानं मान खाली घातली, वहीत 'शाबूत' लिहिलं आणि सही केली. एल्विरानं दोरा तोडला. मेण तिनं बोटानं खरवडून पुन्हा गोळा केलं. रोज करायची तसंच.

तास्या स्टुलावर बसली.

आदल्या संध्याकाळी मात्वेय देवडीवर आला होता. गुरुवारी. हातात रुमालात गुंडाळलेला डबा, पेल्मेनींचा, वर लोणी. "खाऊन घे, गरम आहे." लग्नाआधी, तरुणपणी कधी आणलं असेल तेवढंच. त्यानंतर किती वर्षांनी! तिला इतकं भरून आलं होतं की डोळ्यांतलं लपवायला ती वाफेवर वाकून खात राहिली. आठला भिंतीची फेरी असते. "जा तू, टेलिफोन बघतो मी," तो म्हणाला. किल्ल्यांची फळी त्याच्या पाठीशी होती. फेरी चाळीस मिनिटांची, आणि त्या दिवशी ती तिनं सावकाश मारली, बर्फात पाय आपटत, मनात गाणं म्हणत... माझ्या नवऱ्यानं मला डबा आणला.

ते लोणी किल्लीसाठी होतं.

पण — आणि इथे तिचं मन एकदम उठून उभं राहिलं — म्हणजे एल्विरानं त्याला दिलं नव्हतं! चांगली माणसं वगैरे काही नाही. त्यानं चोरलं. जिच्यावर जीव असतो तिच्या कोठारात कोणी चोरी करतं? जिला साधं मागितलं असतं तर पाच बाटल्या सहज मिळाल्या असत्या, तिला न मागता... आणि तीन महिने ती कोठडीत सडतेय, हा रोज कामावर जातो, येतो, सूप पितो, वर्तमानपत्र वाचतो. प्रेम करणारा माणूस असा असतो का? नाही. तर मग दहा वर्षांची कानस फुकटच. तो माझाच आहे. चोर आहे, पण माझा आहे. तास्याला हसू आलं. रिकाम्या स्वयंपाकघरात ती कणकेकडे बघून हसली आणि तिची तिलाच भीती वाटली.

मग अंगठा पुन्हा कडेवर गेला.

गुळगुळीत. बारीक कानशीनं घासलेली, वरून पॉलिश. एका संध्याकाळच्या कामासाठी केलेला शिक्का, चोरीचा, खिशातून नेऊन खिशातून आणायचा, कोणाच्या गळ्यात न जाणारा. याची कड घासायचं काय कारण होतं?

*

क्लबात माणसं दाटीवाटीनं बसली होती. तेच टेबल, त्याच खिडक्या. नोव्हेंबरात तिथे नवरानवरीच्या नावांचे बोर्ड लटकत होते, आता लाल कापड आणि न्यायाधीशबाई. मात्वेय इस्त्रीच्या कोटात तास्याशेजारी बसला होता, हात गुडघ्यांवर. शिक्का तास्याच्या डाव्या हातमोज्यात होता. बर्फ वितळायला लागलं होतं, पण ती हातमोजा काढत नव्हती.

मागून जोडणी विभागाची ग्लाफिरा कुजबुजली, "काय गं तास्या, किटल्या नाही आणल्या आज?"

"गप बस."

"नाही, हॉल तोच आहे म्हणून म्हटलं."

एल्विराला आणलं. टोपी नव्हती. केसांच्या मुळाशी तीन महिन्यांचं पांढरं. तास्याला वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल, आणि वाटलंही. क्षणभर, दातात अडकलेलं निघाल्यासारखं. एल्विरानं हॉलभर नजर फिरवली, ओळखीच्यांना मान हलवली. मात्वेयवर नजर आली... आणि पुढे गेली. थांबली का? जेवढी ग्लाफिरावर थांबली तेवढीच थांबली. का थोडी कमीच? कमी थांबवली?

लग्नात ती तिसऱ्या टेबलाला होती. पहिला घोट घेऊन तिनं किटली वर धरली होती. "मात्वेय इल्यिच, चहा फार कडक आहे हो! पान कुठल्या मळ्यातलं?"

"आपल्याच मळ्यातलं," मात्वेय म्हणाला होता.

"मग खुडायला मला नाही का बोलवायचं?" आणि ती खदखदून हसली होती, त्याच्या दंडावर चापट मारून. तेव्हा तास्यानं त्या 'आपल्याच'वर आठ दिवस झोप घालवली होती. आता तिला ती चापट आठवत होती. चापटीआधी एल्विराचं हसू क्षणभर थांबलं होतं. जिभेवर घोट तसाच ठेवून तिनं मात्वेयकडे बघितलं होतं. अकरा वर्षं त्या कोठारात वावरलेली बाई. आपला माल तिला कळला नसेल?

"साक्षीदार तायसिया येगोरोव्हना."

तास्या पुढे गेली. न्यायाधीशबाईंनी विचारलं ते सगळं तपासात विचारून झालेलं होतं. हो, रोज. हो, स्वतः बघते. हो, सही माझीच. मग बचावाचा वकील उठला, पोरगेलासा, नाक लाल झालेला. कागद न बघता त्यानं विचारलं, "पाणी सापडलं त्याच्या आधीच्या महिन्याभरात शिक्का कधी वेगळा दिसला? अगदी थोडासुद्धा?"

हातमोज्यात पितळ तापलं होतं. एवढंच करायचं होतं — हातमोजा काढायचा आणि टेबलावर ठेवायचा. एल्विरा घरी जाईल. मात्वेय तिच्या जागी उभा राहील, आणि लारिसा, चार महिन्यांची पोटुशी... हे सगळं तिनं चार तास घोळवलं होतं, अगदी प्रामाणिकपणे घोळवलं होतं. पण आता इथे उभं राहिल्यावर तिला कळलं की प्रश्न लारिसाचा नव्हताच. मात्वेय जोवर त्या खुर्चीत गप्प बसलाय तोवर तो माझा आहे. तो जितका गप्प, तितका माझा. एल्विराला जितकी शिक्षा होईल, तितका मोठा पुरावा.

"नेहमीसारखाच होता," ती म्हणाली.

"खरंय हो," एल्विरा आरोपीच्या पिंजऱ्यातून म्हणाली, "तास्याची नजर म्हणजे नजर. मी मेलीनं एकदा बघितलं नाही. अकरा वर्षं तीच बघतेय." कोणीतरी हसलं. न्यायाधीशबाईंनी पेन्सिल आपटली. एल्विराच्या बोलण्यात टोमणा होता का, ते तास्याला तेव्हा कळलं नाही, पुढेही कळलं नाही.

जागेवर येऊन बसली. मात्वेयनं सरकून जागा दिली.

शेवटी एल्विराला काय म्हणायचं ते म्हणायला सांगितलं. ती उठली, शाल ओढून घेतली. "मी घेतलं नाही," ती म्हणाली. "आणि कोणी घेतलं ते..." एवढं बोलून ती थांबली. ती कोणाकडेच बघत नव्हती, समोरच्या खिडकीकडे बघत होती, छपराच्या कडेवरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं तिकडे. आणि तास्याशेजारी मात्वेयचा गुडघा हलला. हात गुडघ्यावरून खुर्चीच्या कडेला गेले, पाठ पुढे झाली, खुर्ची करकरली...

तास्यानं हातमोजा ओढून काढला आणि शिक्का त्याच्या तळहातात दाबला. पूर्ण जोर लावून, दोन्ही हातांनी, मेणावर दाबतात तसा.

तो बसला. किंवा बसलेलाच होता. उठत होता, की नुसता आखडलेला पाय मोकळा करत होता? सत्तावन्न साली त्या पायावर प्रेसचा भाग पडला होता. लांबच्या बैठकीत तो नेहमीच असा हलायचा. नेहमीच.

"...ते मला ठाऊक नाही," एल्विरा म्हणाली. "घरी माझी मांजरी आहे. शेजारीण म्हातारी झालीय. कोणीतरी तिला बघा." आणि बसली.

शिक्षा तीन वर्षांची झाली.

बाहेर चिखल होता. दोघं घराकडे निघाली, तो अर्धं पाऊल पुढे, नेहमीसारखा. ट्रामच्या थांब्यापाशी त्यानं मूठ उघडून बघितलं. तळहातावर सत्तेचाळीस उमटला होता, सरळ, लालभडक, चाराचा पाय स्वच्छ.

"खिशाचं भोक शिवायला हवं होतं," तो म्हणाला.

"शिवते."

थोडं चालून झालं. तिला वाटलं आता आपण ओरडू, डब्याबद्दल विचारू, लोण्याबद्दल विचारू. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "कड का घासलीस?"

"कुठली कड?"

"त्याची."

त्यानं शिक्का दोन बोटांत धरला, अंगठा कडेवरून फिरवला. एकदा. दुसऱ्यांदा. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते लपवणाऱ्या माणसाचं नव्हतं. आपल्याच घरात न बघितलेलं दार दिसावं, तसं काहीतरी होतं. "घासलीय खरी," तो हळूच म्हणाला, आणि शिक्का दुसऱ्या खिशात टाकला, भोक नसलेल्या.

तेवढ्यावर सगळं संपायला हवं होतं. दहा वर्षं मी जे शोधत होते ते हेच का? काही घडलंच नव्हतं, असंही असेल. एक चिठ्ठी नाही, एक भेट नाही; त्याला स्वतःलाही ठाऊक नसलेलं, फक्त हातांना ठाऊक असलेलं... आणि तिलाही ठाऊक असलेलं, पिंजऱ्यात उभी राहून खिडकीकडे बघणाऱ्या त्या बाईला. तिनं तो घोट ओळखला होता. ओळखून वाक्य अर्धं सोडलं होतं. मी मात्वेयला वाचवलं ते त्याला ठेवून घेण्यासाठी. तिनं वाचवलं ते कशासाठी? काही मागितलं नाही, त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. तीन वर्षं घेतली आणि मांजरीची काळजी सांगितली. ट्राम आली, दार उघडलं, आणि तास्याला एकाएकी त्या तीन वर्षांचा हेवा वाटला. ती तीन वर्षं आपल्याला कोणी देणार नव्हतं. देऊ केली असती तर घेता आली असती का, तेही कळत नव्हतं. दहा वर्षांची ओळखीची कानस बंद झाली होती, आणि तिच्या जागी ही नवी गोष्ट आली होती. हिचं नाव तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मात्वेय उठायच्या आत, ती एल्विराच्या शेजारणीकडे गेली आणि मांजरी टोपलीत घालून घेऊन आली. तेवढं तरी त्याला करू द्यायचं नव्हतं.

एल्विरा पाव्लोव्हना अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, सुटायला दहा महिने उरले असताना, तुरुंगाच्या इस्पितळात न्यूमोनियानं वारली.